ताटांची हजेरी

आमच्या गावात लग्न लागलं, पंगती उठल्या, नवरी रडायच्या तयारीला लागली, की दौलतकाका हापशीजवळ पत्र्याच्या पेटीवर बसून ताटांची हजेरी घेत. मोजणी नव्हे, हजेरी. मोजता तर कोणालाही येतं. काका नाव पुकारत.

“शांताबाई!”

राखेनं ताटं घासणाऱ्या आम्हा बायांपैकी जिच्या हातात शांताबाईचं ताट असेल, ती ते उंच धरून ओरडे, “हजर!”

“रामभाऊ!”

“हजर.”

“आवाज पोटातून काढ व. जेवली नाही काय?”

ताटं गावची होती. घरटी एक दिलेलं, आणि देणाऱ्याचं नाव काठाशी टिंबाटिंबांनी कोरलेलं. दोनशेच्या वर ताटं, पण काकांजवळ ना वही ना चिठोरा. घरांच्या ओळीनं नावं तोंडपाठ. देणारा माणूस नंतर मेला तरी नाव कमी होत नसे, कारण ताट जिवंत होतं. एका लग्नात नवरदेवाचा वर्धेकडचा काका हात धुवायला हापशीवर आला. म्हाताऱ्या रुखमाबाईच्या मौतीला तो स्वतः खांदा देऊन गेलेला. त्यानं कान देऊन ऐकलं, “रुखमाबाई!” आणि मागून खणखणीत आवाज आला, “हजर!” बिचारा ओल्या हातांनीच मांडवात पळाला. बुंदी समोर आली तरी खाईना.

दौलतकाका म्हणजे आमच्या शाळेचे चपराशी. तीस वर्षं घंटा वाजवली, पाणी भरलं, खडू पुरवले. लोक त्यांना ‘घंटीवाला’ म्हणत. निवृत्त झाल्यावर ताटं हाती आली आणि ‘मास्तर’ म्हणू लागले. खाकी कपडे त्यांनी सोडले नाहीत. काही संपलं की “घंटी झाली!” म्हणायचे, मग ती पंगत असो, पाऊस असो की कोणाचं भांडण. कोणी उशिरा आलं की “गैरहजेरीचं कारण?” हा ठरलेला प्रश्न.

प्लॅस्टिकशी त्यांचं हाडवैर. चहाच्या टपरीवर जाताना सदऱ्याच्या खिशात पितळी फुलपात्र. बाजारात पिशवी विसरले तर भेंडी त्याच खाकी सदऱ्याच्या ओच्यात. एकदा वाण्यानं साखर पन्नीत घातली. काकांनी पन्नी त्याच्या हातात परत दिली, डोक्यावरची टोपी काढली, उलटी धरली आणि म्हणाले, “यात टाक.” साखर घेऊन ते घरी पोचले, टोपी झटकून पुन्हा डोक्यावर घातली, आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या त्यांच्यामागे शाळेच्या पोरांसारख्या रांगेनं चालल्या होत्या. मी हे पाहिलं नाही, पण गावात सगळ्यांना सांगितलं मीच.

आता ही ताटं मुळात आली कुठून, ते सांगायचं तर माझीच अब्रू वेशीवर टांगावी लागेल. टांगते. आता माझ्या तोंडात दात तीन आणि अब्रू तेवढीसुद्धा नाही.

तेव्हा मी बत्तिशीतली होते आणि बत्तीस दातांनी बोलत होते. कापसाची वाईट वर्षं चालली होती. भाव पडलेला, बोंडांत अळी, लग्नं या वैशाखाची पुढच्या वैशाखात ढकललेली. अशात माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. कापूस पडला तरी नाक पडू द्यायचं नाही, असा माझा बाणा. गावातल्या कोणाच्या लग्नात झाली नव्हती अशी गोष्ट मी केली. यवतमाळहून थर्माकोलच्या पत्रावळी आणवल्या. पांढऱ्याशुभ्र, कप्पे पाडलेल्या. पंगतीत बाया बोट लावून पाहायच्या आणि मी बाजूनं अशी चालायचे, जशी काही त्या मीच अंडी घालून काढल्यात.

जेवणं झाली, पत्रावळी गावाबाहेर उकिरड्यावर पडल्या. संध्याकाळी वावटळ आली. सकाळी पाहतो तर उकिरडा रिकामा.

आमच्या सासऱ्यांना मी मामाजी म्हणे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. ते पहाटे शेताकडे गेले आणि धावत परत आले. “सूनबाई! अव सूनबाई! वैशाखात कापूस फुटला व! साऱ्या धुऱ्या-बांधानं पांढरंफटक! बायांले बोलाव, वेचाले चला!”

कापसाची पऱ्हाटी उपटून दोन महिने झाले होते. पण कापूस न पिकलेल्या वर्षी असं सांगणाऱ्याला कोण थांबवणार? मामाजींनी कमरेला ओटी बांधली आणि स्वतःच निघाले. थोड्या वेळानं परत आले. ओटीत बोरीच्या काट्यांतून सोडवलेल्या सात-आठ पत्रावळी, एकीला बुंदीचा दाणा चिकटलेला. तो दाणा डोळ्यांजवळ नेऊन ते मला म्हणाले, “हे कोणतं बियाणं व? सरकी गोड लागून राह्यली.”

तीन दिवस गाव हसत होतं आणि तीन दिवस दौलतकाका कोणाशी न बोलता पत्रावळी वेचत होते. काट्यांतून, नाल्यातून, शाळेच्या कौलांवरून. चौथ्या दिवशी तीन पोती माझ्या दारात आणून ठेवली.

“सूनबाई, तुमची वेचणी झाली.”

“मले कायले आणून देता? फेकून द्या.”

“फेकलंच होतं ना तुम्ही? आलं परत.” मग पोत्यावर थाप मारून म्हणाले, “जे हवेनं उडते ते ताट नोहे. ताटानं कसं बसून राह्यलं पाहिजे. माणसाले सांगितलं पाहिजे का, बाबा, तू जेव, मी हाओ इथं.”

मी एक पोतं पेटवून पाहिलं. त्या धुरानं सगळी गल्ली खोकली, म्हशीसुद्धा. उरलेली दोन आजही माळ्यावर आहेत. मी गेल्यावर वाटण्या होतील तेव्हा मुलांना कळेल, आईनं काय ठेवलं ते.

त्यानंतर काका घरोघर हिंडले. “पैसे नको. एक ताट द्या, नाव कोरलेलं.” कापसानं पैसे खाल्ले होते, पण ताटं घरोघरी होती. बचत गटाच्या बायांनी समाजमंदिरातली खोली दिली. लोकांनी चांगली, जड ताटं दिली. मी काय दिलं? माहेरून आलेलं, बुडाला पोचा पडलेलं एक ताट. टेकवलं की डुगडुग हले. त्यावर माझं नाव, कुसुम. म्हटलं, एवढ्यांत कोणाला कळणार?

काकांना कळलं. प्रत्येक पंगतीत, कुठेही बसले, कोणाच्याही आड लपले, तरी माझं ताट बरोबर माझ्यापुढे येई. वरण एका बाजूला धावे, मठ्ठा दुसऱ्या बाजूला. “काका, दुसरं द्या ना.” “काहून? तुमचंच तर हाये. नाव वाचा.”

असं दोन वर्षं चाललं. मग एका लग्नात त्या डुगडुगीनं आलूवांग्याचा सगळा रस्सा माझ्या नव्या गुलाबी साडीवर ओतला. लोक हसले. मी ठरवलं, आज मास्तरची शाळा बुडवायची.

हापशीवर घासताना मी ढिगातलं सगळ्यांत लहान ताट उचललं आणि पदराखाली सारलं. उंच काठाचं, लेकराच्या जेवणाचं असावं असं. काका ते पंगतीत नेहमी एखाद्या चिमुकलीपुढेच ठेवत, हे मी शंभरदा पाहिलं असेल. पाहिलं आणि दिसलं नाही.

हजेरी सुरू झाली. नावं आली, गेली.

“बेबी!”

बाया एकमेकींच्या हातांतली ताटं पाहू लागल्या.

“बेबी!”

मी राखेत तोंड घालून हसू दाबत होते.

“बेबी?” तिसऱ्यांदा आवाज जरा लहान झाला. काका पेटीवरून उठले आणि मांडवात जाऊन म्हणाले, “वरात थांबवा.”

मग जी गंमत झाली! त्यांनी रुखवताच्या टोपल्या उपसल्या. आंदणाचं कपाट उघडलं. बँडवाल्याच्या ढोलावर वाकून कान लावला. नवरीची ट्रंक उघडायला लावली. वरमाय तापली. “आम्ही काय ताटं चोरून राह्यलो?”

काका हात जोडून म्हणाले, “नाही जी. कोणाच्या सामानात चुकून गेलं असन. लहान हाये ते. एकटं वापस येता येत नाही त्याले.”

सगळा मांडव हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी.

वरातीची बस झरी जामणीकडच्या गावची. काका खाकी कपड्यांत, फुलपात्र खिशात टाकून, त्या बसमध्ये चढले. तिसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं परत आले. मी मुद्दाम अंगणात उभी होते, चिडवायला. “काय मास्तर, बस रिकामी करून पाह्यली काय?” त्यांचं घर आमच्या अगदी लागून. ते माझ्याकडे न पाहता गेले, कडी काढली, आत गेले. टोमणा नाही, “घंटी झाली” नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी मामाजींना सगळी गंमत सांगितली, आणि गहू साठवायच्या कोठीतून ताट काढून त्यांच्यापुढे धरलं. मामाजींनी बोटांनी कोरलेली टिंबं चाचपली. तुरीचं वरण कालवलेला घास तसाच ठेवला.

“बेबी म्हंजे दौलतची पोट्टी व.”

दौलतकाका एकटे राहत. बायको कधीच वारलेली, एवढं मला ठाऊक होतं. आळीतल्या साऱ्या सासवासुनांची भांडणं मला शब्दशः पाठ, पण भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात एक मुलगी होती, हे मला माहीत नव्हतं. बेबी असेल कोणी भाची, पुतणी, असं मी धरून चालले होते.

“तू या घरात याच्या आधीची गोष्ट,” मामाजी म्हणाले. “हे ताट तिच्या बारशाले तिच्या मामानं देलतं. पहिलीत गेली. दौलत घंटी वाजवे अन् व्हरांड्यात उभा राहून हजेरी आयके. ते पोट्टी असं ‘हजर’ म्हणे का सडकेवर आयकू ये. पावसाळ्यात ताप आला, चार दिवसांत गेली. पाचव्या दिवशी घंटी त्यानंच वाजवली. मास्तरनं तिचं नाव सोडून पुढचं घेतलं. दौलत व्हरांड्यात उभाच होता.”

मामाजींनी लहान ताट माझ्याकडे सरकवलं. मी ताट घासलं. स्वच्छच होतं, तरी घासलं.

ते तेव्हाच शेजारी नेऊन द्यायला काय झालं होतं? दोनदा दारापर्यंत गेले. बत्तीस दात एकदम बसले. एवढी जिभेची तिखट बाई, आणि कडी वाजवायला हात उठेना.

पंधरा दिवसांनी पुढचं लग्न आलं. पंगती उठल्या. काका पेटीवर बसले. मी हापशीजवळ, पदराखाली ते ताट, हातात माझं डुगडुगतं. नावं येत होती, “हजर, हजर” चाललं होतं. काकांच्या घराची पाळी आली. ते थांबले. फुलपात्र काढलं, घोटभर पाणी प्यायले. मग पुढचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

“हजर!” मी ओरडले.

कोणी पुकारलं नव्हतं. बाया माझ्याकडे पाहू लागल्या. मी लहान ताट डोक्याच्या वर धरलं होतं. त्यावरचं ऊन काकांच्या सदऱ्यावर नाचत होतं.

काकांनी पाहिलं. माझ्याकडे नाही, ताटाकडे. त्यांना सगळं कळलं होतं. ते न कळण्याइतके भोळे नव्हते.

“गैरहजेरीचं कारण?” त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, “मामाच्या गावाले गेलती.”

हापशीचा दांडा थांबला. काकांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“सांगून जात जाय व,” ते ताटाला म्हणाले. मग खाकरून पुढचं नाव घेतलं. घरांच्या ओळीनं पुढचं घर आमचं. “कुसुमबाई!”

ताट माझ्याच हातात होतं. मी तोंड उघडलं, पण आवाज येईना.

“कुसुमबाई!”

नाहीच आला.

“गैरहजर,” काका म्हणाले आणि पुढे गेले.

त्यानंतरच्या लग्नात पंगतीला बसले तेव्हा माझंच ताट माझ्यापुढे आलं. ते सुटणार नव्हतंच. फक्त वरण वाढायच्या आधी काका वाकले, खिशातून खापराचा एक चपटा तुकडा काढला आणि पोच्याखाली सारला. बोटानं काठ दाबून पाहिला. हललं नाही.

“जेवा सूनबाई,” ते म्हणाले, आणि लहान ताट हातात घेऊन, पंगतीत एखादी चिमुकली कुठे बसली आहे ते शोधत पुढे गेले.