बाथरूमचं दार आणि शेवटचा हप्ता

"शेवटचा हप्ता म्हणजे लगाम," पॉइंटराव बायकोला म्हणाले. "आणि लगाम कुणाच्या हातात आहे?"

"अहो, लगाम नंतर. आधी ही चादर धरा. आप्पा आत गेलेत आणि खिळा निघालाय."

पॉइंटरावांनी चादरीचा कोपरा धरला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नव्या घराच्या बाथरूमला चौकट होती, नळ होता, गुळगुळीत फरशी होती. दार नव्हतं. आतून आप्पा, म्हणजे त्यांचे वडील, पेपरातली बातमी खणखणीत आवाजात वाचत होते. घरचा नियमच होता तसा: आत जो असेल त्याने आवाज करत राहायचं. बायको गाणी म्हणायची. पॉइंटराव बांधकामाच्या कराराची कलमं म्हणायचे. तोंडपाठ होती.

बोलताना प्रत्येक गोष्टीची सुरुवात "पॉइंट असा आहे की" अशी, म्हणून ऑफिसात त्यांना हे नाव पडलं आणि पुढे घरातही तेच चिकटलं. बांधकामातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून एक गोष्ट मात्र त्यांनी पक्की केली होती. दहा टक्के रक्कम हातात ठेवायची आणि काम शंभर टक्के झाल्याशिवाय सोडायची नाही. घर जवळजवळ उभं राहिल्यावर त्यांनी टॉर्च घेऊन सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या आणि सदतीस मुद्द्यांची यादी काढली. पहिला मुद्दा, बाथरूमचं दार.

कॉन्ट्रॅक्टरला सगळे निवांतशेठ म्हणायचे. त्याने यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"अक्षर झकास आहे हो साहेब तुमचं."

"पॉइंट असा आहे की, हे सगळं होईपर्यंत एक पैसा मिळणार नाही."

"बरोबर आहे. आधी काम, मग पैसे." त्याने यादीची घडी करून खिशात घातली, पाणी मागून प्यायला आणि गेला.

त्याला पाच आठवडे झाले. फोन मात्र पठ्ठ्या पहिल्या रिंगला उचलायचा. "रस्त्यातच आहे साहेब!" तो कुठल्या रस्त्यात आहे हे विचारायची सोय नव्हती, कारण फोन लगेच बंद व्हायचा.

इकडे भाड्याच्या घराची मुदत संपली आणि सगळ्यांना नव्या घरात यावंच लागलं. पॉइंटराव डगमगले नाहीत. "येईल झक मारत. पैसा कुणाला नको असतो?" त्यांनी बाहेरचा एक सुतार बोलावला. सुताराने चौकटीला टेप लावला, एक डोळा मिटून वरून खाली पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं.

"कुणी बसवली ही?"

"का?"

"तिरकी आहे. खाली अर्धा इंच आत. या मापाचं दार ज्यानं बनवायला घेतलंय त्यानंच ते बसवावं. दुसऱ्याच्या कामात मी हात घालत नाही. उद्या दार अडकलं तर नाव माझं."

चहा पिऊन तोही गेला. यादीच्या घरातल्या प्रतीत अडतिसावा मुद्दा वाढला.

आणि गुरुवारी सकाळी सासऱ्यांचा फोन आला.

सासऱ्यांचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, जावयाने तयार घर विकत घ्यावं, बांधायच्या भानगडीत पडू नये, तो त्याचा पिंड नाही. त्यावर जावयाने मागच्या भेटीत चारचौघांत सांगितलं होतं की घर पूर्ण झालंय, आणि तेही माझ्या अटींवर. आता सासूसासरे रविवारी येणार होते. आठ दिवस राहायला.

बायकोने फोन ठेवला आणि चादरीकडे बघितलं. "माझी आई इथे काय म्हणणार आहे हो आत? तिला गाणी येत नाहीत. आणि बाबा आल्या आल्या बाथरूमच बघतात. हॉटेलातसुद्धा."

"तू काळजी सोड."

"मी सोडलीय. बाबा नाही सोडणार. जन्मभर ऐकवतील तुम्हाला."

हे मात्र खरं होतं. पॉइंटरावांनी चेकबुक काढलं. शेवटच्या हप्त्याची पूर्ण रक्कम लिहिली, झोकात सही केली, तारीख मुद्दाम कोरी ठेवली. हा चेक नुसता दाखवायचा. शेठ बघेल, पाघळेल, दार आणेल. स्कूटरला किक मारून ते थेट निवांतशेठच्या घरी.

शेठ ओट्यावर पाय पसरून बसला होता. पॉइंटरावांना बघून जराही दचकला नाही.

"या साहेब! तुमच्याकडेच निघालो होतो."

"बनियनवर?"

"म्हणजे निघणार होतो."

पॉइंटरावांनी खिशातून चेक काढला आणि त्याच्या नाकासमोर धरला. शेठने तो कौतुकाने पाहिला, कुणाच्या लग्नाचे फोटो बघावेत तसा.

"मिळाला तर गोडच आहे. पण खरं सांगू का? शेवटचा हप्ता मी हिशेबात धरतच नाही."

"म्हणजे?"

"अहो, सगळेच अडवतात. कुणी रंगावरून, कुणी नळावरून. वीस वर्षांत दोघांनी दिला, त्यातला एक चुकून. मग मी काय करतो, पहिल्या चार हप्त्यांतच माझं सगळं बसवून घेतो. तुम्ही पाचवा ठेवा ना तुमच्याकडे. माझी काही तक्रार नाही."

पॉइंटराव ओट्यावर बसले. पाच आठवडे ज्या लगामाला ते घट्ट धरून होते, त्याच्या दुसऱ्या टोकाला घोडाच नव्हता.

"शेठ, रविवारी सासरे येतायत," ते एकदम साध्या आवाजात म्हणाले. "निदान दार तरी द्या."

"दार ना? तयार आहे की! टेम्पो मिळत नव्हता म्हणून राहिलं. तुम्ही आलाच आहात तर स्कूटरला आडवं बांधू."

शेठ उत्साहाने आत गेला, मागोमाग पॉइंटराव. स्वयंपाकघराच्या पलीकडे भिंतीला टेकवून एक नवंकोरं दार उभं होतं. शेठने दोन्ही बाजूंनी धरून ते उचललं.

आतून किंकाळी आली. "कोण आहे रे तिकडे! ठेवा ते जागेवर!"

दार भिंतीला टेकवलेलं नव्हतं. ते शेठच्या स्वतःच्या बाथरूमसमोर उभं केलेलं होतं. आत शेठची बायको कपडे धूत बसली होती. ती ब्रश हातात घेऊन उठली.

"हे कोण?"

"वहिनी, मी... हे दार माझं आहे," पॉइंटराव म्हणाले.

"तुमचं? आणि आमचं कुठंय?" वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. "अकरा वर्षं या घराला बाथरूमचं दार नाही साहेब. अकरा! कॉन्ट्रॅक्टरचं घर म्हणे. कुणाचं तरी दार तयार होऊन येतं, चार दिवस आडोसा होतो, की हे उचलून नेतात. हे पाच आठवडे टिकलं, मला वाटलं या माणसाला अक्कल आली."

"करणारच होतो गं," शेठ म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. साहेब, तुम्ही कसे राहता दाराशिवाय?"

"चादर आहे. आणि आतला माणूस आवाज करतो."

"आम्ही बादली वाजवतो," वहिनी म्हणाल्या, आणि दोघांनी एकमेकांकडे अशा नजरेने पाहिलं की शेठ पहिल्यांदाच जरा अस्वस्थ झाला.

"हा कागद कसला?" वहिनींनी विचारलं.

पॉइंटरावांनी हातातल्या चेककडे पाहिलं, मग वहिनींकडे. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "पॉइंट असा आहे की वहिनी, हा शेवटचा हप्ता. शेठच्या हिशेबात तो नाहीच. मग तो तुमच्याकडे ठेवला तर?"

"अहो साहेब!" शेठ म्हणाला.

वहिनींनी ब्रश खाली ठेवला. "बिजागऱ्या आणा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "हे दार इथं बसेल. आत्ता."

"अगं पण ते यांच्या मापाचं..."

"आपली चौकट कुणी बसवलीय?"

"मीच."

"मग यांचीही आपल्यासारखी तिरकीच असणार. बसवा."

पॉइंटरावांनी खालून दार धरलं, शेठने स्क्रू पिळले. तासाभरात दार बसलं, आणि असं बसलं की जणू मापच इथलं घेतलं होतं. वहिनी आत गेल्या. दार लावलं. कडी सरकवली. मग काढली, पुन्हा सरकवली. मग बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही. बादलीचाही नाही. आपलं दार परत मागायची पॉइंटरावांची छाती झाली नाही.

"साहेब," आतून आवाज आला, "चेक फटीतून सरकवा."

चेक अलगद आत गेला.

"आणि तुम्ही, शेठ. शनिवारी दुपारपर्यंत यांचं दार बसलं नाही, तर मी इथून बाहेर येत नाही. स्वयंपाकाचं काय ते तुम्ही बघा."

शनिवारी बारा वाजता दार बसलं. रविवारी सासरे आले, चपला काढल्या आणि सरळ बाथरूम गाठलं. कडी लावली, काढली, बोटाने लाकूड वाजवलं. "ठीक आहे," म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी कुणाच्याही बाथरूमला एवढं मोठं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं.

त्यानंतर निवांतशेठ रोज नऊच्या ठोक्याला हजर. यादी आता वहिनींकडे होती. त्या फोनवरून कुठला मुद्दा कधी ते सांगायच्या. सोळा दिवसांत अडतीसच्या अडतीस मुद्दे खलास. पॉइंटरावांनी समाधानाने वहिनींना फोन लावला.

"वहिनी, सगळं झालं. शेठना चेक देऊन टाका आता. तारीख टाकायला येऊ का?"

"छे छे, एवढ्यात नको," वहिनी म्हणाल्या. "तुमची यादी बघून मीपण एक केलीय आमच्या घराची. त्रेपन्न निघाले. आज स्वयंपाकघराचा ओटा चाललाय. तुम्ही असं करा, खात्यातले पैसे हलू देऊ नका, आणि पेन तेवढं जवळ ठेवा. मी बोलावते."