जोडीनं या

गुप्तरोगाच्या ओपीडीतला सतरा नंबरचा पेशंट दुसऱ्या तारखेला आलाच नाही. पहिल्या खेपेला स्वतःच्या गोळ्या तेवढ्या घेऊन गेला होता. बायकोची तपासणी झाली नाही तर आजार फिरून त्याच्याकडेच येणार, हे तिथल्या समुपदेशक बबिता मॅडमनी त्याला चित्र काढून समजावलं होतं. तिथे गुपित राखायला पेशंटचं नाव लिहीत नाहीत, आणि फोनवर आजाराचा उल्लेखही करत नाहीत. मॅडमनी त्याने दिलेला मोबाईल नंबर फिरवला.

"उद्या अकराला दवाखान्यात या. जोडीनं या. बाकी आल्यावर सांगते."

"येतो की! लय आनंद झाला!"

फोन उचलला होता पेडगावचे माजी सरपंच भगवानराव यांनी. त्यांनी गेल्याच वर्षी दवाखान्याला पंखा भेट दिला होता. सरकारी दवाखाना जोडीनं बोलावतोय म्हणजे सत्कारच, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला जीप आली. भगवानराव फेट्यात, सुलाबाई पैठणीत. मागच्या टेम्पोत भावकीतली चार जोडपी आणि हलगी! जीपचा ड्रायव्हर बजरंग मात्र दारात मॅडमना पाहून स्टिअरिंगखाली वाकला. शेजारी हार सांभाळत त्याची बायको राजेश्री बसली होती. मॅडमनी त्याला बरोबर ओळखलं. हाच सतरा नंबर!

"मॅडम, तुमी नंबर इचारला अन् मी घाबरलो," तो उतरून बाजूला येत कुजबुजला. "जीपच्या मागं लिव्हलेला मालकाचाच सांगून बसलो. ह्यांना कळलं तर मेलोच!"

त्याला एकट्याला आत घ्यावं तर गावभर बोभाटा, सोडावं तर तो पुन्हा कधी येणार? मॅडमना एकदम सुचलं. त्या पायरीवर उभ्या राहून ओरडल्या, "आज समद्या जोड्यांची तपासणी हाय! एकेक जोडी आत या. पहिले ड्रायव्हर, त्याला गाडी बाजूला लावायचीय!"

आत खरं कळल्यावर राजेश्रीने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला दरदरून घाम फुटला. पण तिने तपासणी करून घेतली, गोळ्याही घेतल्या. मॅडमनी सतरासमोर टिक केली. त्यांना तर बाहेरच्या हलगीवर नाचावंसं वाटत होतं.

मग मोठी जोडी आली. भगवानराव खुर्चीत बसले, हारासाठी मान वाकवली. "आमाला काय तपासायचं, मॅडम? आमी ठणठणीत हाव. हार घाला अन् फोटू काढा."

सुलाबाईंनी उठून दाराला कडी घातली.

"हार ऱ्हाऊ द्या, मॅडम. तीन म्हैने झाले, ह्यांना दवाखान्यात चला म्हनायलेय, तर लाजायलेत. आज सोताच्या पायानं आलेत. आता सोडू नका."

भगवानरावांनी मान तशीच खाली ठेवली.