चौथ्या वळणावरची गोधडी

"लग्न शनिवारी?" व्हर्लिन टॉलेफसनने हातातला काटा बशीत ठेवला. "शनिवारी रेस असते."

"ते मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे, बाबा," कर्स्टन म्हणाली. "पण जुलैमध्ये चर्चचा तेवढाच दिवस रिकामा आहे."

तो दिवस रिकामा का, हे घरात कोणी विचारलं नाही. उन्हाळ्यातल्या शनिवारी निम्मं गाव जत्रेच्या मैदानामागे, मोटारींच्या रेसच्या मातीच्या ट्रॅकवर असतं. दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला व्हर्लिन तर एप्रिलपासूनच तिथे असतो, बाकांच्या कोपऱ्यात अजून बर्फ असताना. यंदा त्याला एकच गोष्ट हवी होती. हंगामात एकही शनिवार न चुकवणाऱ्या प्रेक्षकाला सप्टेंबरमधल्या शेवटच्या रेसला हिरवा झेंडा दाखवायला मिळतो. मागच्या वर्षी हा मान मूतखड्याने हुकवला होता.

हजेरी बघायचं काम निवेदक डॅरलकडे होतं, आणि त्याची पद्धत सोपी होती. काचेच्या खोलीतून तो चौथ्या वळणाकडे बघायचा. वरून दुसऱ्या रांगेत लाल-काळ्या चौकटीचं ब्लँकेट दिसलं, की व्हर्लिन आला. रेसच्या दिवशी सकाळीच लोक येऊन बाकावर ब्लँकेट अंथरून जातात आणि संध्याकाळी येऊन बसतात. या ट्रॅकवर लोकांनी एकमेकांचे मेकॅनिक पळवले आहेत, एकदा तर बायकोही पळवली आहे. पण अंथरलेल्या ब्लँकेटला कोणी हात लावत नाही.

तेव्हा लग्नाच्या दिवशी व्हर्लिन चर्चमध्ये असेल आणि ब्लँकेट ट्रॅकवर असेल, असं ठरलं. म्हणजे व्हर्लिनने मनाशी ठरवलं. यात खोटं काही नव्हतं. माहिती जरा अपुरी होती, इतकंच.

लग्नाच्या सकाळी व्हर्लिनला त्याच्या बायकोने, लव्हॉनने, टेबलं मांडायला जुंपलं. रिकामा होता तो फक्त नवरदेव. लग्नाआधी नवरीचं तोंड बघायचं नाही म्हणून मिलवॉकीचा प्रेस्टन सकाळपासून अंगणात उभा होता. व्हर्लिनने त्याला बाजूला घेतलं.

"गॅरेजमध्ये काळ्या पिशवीत ब्लँकेट आहे. ट्रॅकवर जा. चौथं वळण, वरून दुसरी रांग. अंथर आणि ये. आणि हे बघ, सासूबाईंना सांगायची गरज नाही."

"बरं, मिस्टर टॉलेफसन," प्रेस्टन म्हणाला. पहिल्यांदाच सासऱ्याने त्याला काही काम सांगितलं होतं.

गॅरेजमध्ये कचऱ्याच्या काळ्या पिशव्या दोन होत्या. एकीत व्हर्लिनचं ब्लँकेट होतं. पाहुण्यांना वास येईल म्हणून लव्हॉनने ते घराबाहेर काढलं होतं. दुसरीत लव्हॉनने हिवाळाभर चोरून शिवलेली, लेकीला भेट द्यायची गोधडी होती. कर्स्टनच्या नजरेला पडू नये म्हणून ती तिथे लपवली होती. प्रेस्टनने हाताला लागलेली पहिली पिशवी उचलली. रेसला इतकी नाजूक वस्तू वापरतात, याचं त्याला थोडं नवल वाटलं. पण त्याने ती कोपरे ओढून नीट अंथरली.

लग्न छान झालं. जेवणात हॅम आणि बटाटे झाल्यावर लव्हॉनने गॅरेजमध्ये उरलेल्या पिशवीला न उघडताच पांढरी रिबीन बांधली आणि ती लेकीच्या मांडीवर ठेवली. "एकेक टाका मी हाताने घातलाय," ती म्हणाली. कर्स्टनने आत हात घातला आणि लाल-काळं ब्लँकेट बाहेर काढलं. एका बाजूला मोहरीची चटणी होती, दुसऱ्या बाजूला मागच्या शनिवारची माती.

"अरेच्चा," प्रेस्टन म्हणाला. "मग मी अंथरलं ते काय?"

"कुठे अंथरलंस?" लव्हॉनने हळू आवाजात विचारलं.

"चौथ्या वळणावर. मिस्टर टॉलेफसननी सांगितलं म्हणून." मग, आपण काही लपवतोय असं वाटू नये म्हणून त्याने पुढे सांगितलं, "ब्लँकेट दिसलं की त्यांची हजेरी लागते."

फिरत्या चाकावरून सुटलेली ओली माती सरळ रेषेत जाते. चौथ्या वळणावर त्या रेषेच्या टोकाला व्हर्लिनची जागा येते. हे लव्हॉनला शिकवावं लागलं नाही. तेवीस वर्षं ती त्याचे शर्ट धूत होती.

व्हर्लिनने ट्रॅकवरच्या शेजाऱ्याला, गॉर्डीला, फोन लावला. "गॉर्डी, माझ्या जागेवर गोधडी आहे. उचलून घे."

"कोणाची आहे?"

"माझीच."

"तुझं लाल-काळं. हे गुलाबी आहे, वर पाखरं आहेत."

"अरे, माझ्याच घरची आहे ती."

"फोनवर काय, कोणीही म्हणेल. अंथरलेल्याला मी हात लावत नाही, व्हर्लिन. तूही लावला नसतास."

हे खरं होतं. व्हर्लिनने फोन ठेवला आणि पिकअपची किल्ली काढली.

पिकअपमध्ये चौघं बसले. नवरीचा झगा तिघांच्या मांड्यांवर पसरला होता. ट्रॅकवर पोचले तेव्हा छोट्या रेस संपून मोठी रेस सुरू होणार होती, आणि वरून दुसऱ्या रांगेसमोर गॉर्डी आणि आणखी पाच जण खांद्याला खांदा लावून, ट्रॅककडे पाठ करून उभे होते. त्यांच्या पाठी चिखलाने भरल्या होत्या.

"हात लावायचा नाही," गॉर्डी म्हणाला. "आडवं उभं राहू नये असं कोणी म्हटलेलं नाही."

गोधडीवर एकच डाग होता. लव्हॉन ती उचलायला वाकली, तेवढ्यात सत्तावीस नंबरची गाडी सरावाच्या फेरीत वळणावरून गेली आणि उरलेला डाग लव्हॉनच्या गालावर बसला. तिने सावकाश गाल पुसला.

"तो कोण आहे?" तिने विचारलं.

"डेनी क्रॉस," गॉर्डी म्हणाला. "तो सगळ्यांनाच उडवतो."

"हरतो का कधी?"

"कधीकधी."

लव्हॉन खाली बसली. भोंग्यातून डॅरलचा आवाज आला. "मंडळी, चौथ्या वळणाकडे बघा. पोरीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा, सुटाबुटात. याला म्हणतात प्रेक्षक." सगळे उठून उभे राहिले. व्हर्लिनने बायकोकडे बघायचं टाळून हात हलवला.

डेनी क्रॉस त्या दिवशी जिंकला. त्यामुळे लव्हॉनला पुढच्या शनिवारी यावं लागलं, आणि त्याच्या पुढच्याही. "डाग पडलाय तर ही इथेच वापर, आई," असं म्हणून कर्स्टन गोधडी ठेवून गेली होती.

सप्टेंबरमध्ये व्हर्लिनने हिरवा झेंडा दाखवला. झेंडा त्याने गरजेपेक्षा बराच जास्त वेळ हलवला. मग छाती पुढे काढून तो चौथ्या वळणावर परतला. वरून दुसऱ्या रांगेत गोधडी पसरली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्याच्या जागेसकट. मधोमध लव्हॉन तळलेलं चीज खात बसली होती.

"जरा आवर की गं ती," तो म्हणाला.

"अंथरलेल्याला हात लावत नाहीत."

व्हर्लिनने गॉर्डीकडे पाहिलं. गॉर्डी ट्रॅककडे बघत होता.

"माझी जागा आहे ती, लव्हॉन. आजच मला झेंडा दिलाय."

"हो, बघितला ना मी. छान हलवलास." तिने त्याच्यापुढे चीजचा द्रोण धरला आणि आवाज खाली आणला. "डॅरलला सांगू का, जुलैमध्ये ब्लँकेट एकटंच यायचं होतं?"

व्हर्लिनने चीजचा एक तुकडा उचलला आणि खालच्या रांगेत, बरोबर तिच्या समोर जाऊन बसला. सत्तावीस नंबर वळणावर आला. गोधडीवर काही उडालं नाही.