गिरिजाबाईंच्या जुन्या तबकडीने नवे यंत्र काबीज केले त्याची हकीकत

श्री सिद्धेश्वर समर्थ. सोलापूर शहरी, शुक्रवार पेठेत, खंडेनवमीचे दिवशी जे रण माजले त्याची हकीकत, पदरचे न घालता, लिहिली ऐसीजे:

गिरिजाबाई, वय वर्षे बासष्ट, घरच्या खाशा. पडद्यावरील मोटारींच्या शर्यतीच्या एका खेळावर त्यांचा अंमल तेरा वर्षे अबाधित होता. दुपारची भांडी आवरली की लाल गाडीवर स्वार होत आणि भल्याभल्यांस धूळ चारीत. मग जुने यंत्र वयोमानाने कैलासवासी जाहले. चिरंजीव नंदीश यांचे मनी नव्या खेळांची हाव, म्हणोन अर्ज गुदरला की नवा कन्सोल आणू, तो जुन्या खेळांसही आश्रय देतो. यंत्र आले. तेव्हा बाईसाहेबांनी हुकूम फर्माविला: शर्यतीच्या खेळाची जुनी तबकडी चालली तर यंत्र राहील, न चालली तर दुकान सातला बंद होते, त्याआत माघारी रवाना होईल.

प्रथम पूजा. कात्री, पक्कड, स्कूटर, मिक्सर, कन्सोल, सर्वांस तीन बोटे विभूती लागली. मग तबकडी यंत्राचे मुखी दिली आणि यंत्राने ओकून टाकली. पुन्हा दिली. पुन्हा ओकली.

"तुज्या मशीनला म्हातारी माणसं चालत न्हाईत वाटतं," गिरिजाबाई म्हणाल्या.

"चालत्यात की अव्वा. थांब की जरा."

सूनबाई धनलक्ष्मी यांनी तबकडी उलटून पाहिली. चकचकीत बाजूस विभूतीचे तीन पट्टे.

"अत्ती, हे हितं कोण लावलं?"

"मीच की. चमकतंय तेच तोंड न्हाय का?"

मग मऊ फडके आले, आणि मधून कडेकडे, गोल न फिरवता, विभूती उतरविली, आणि यंत्राने तबकडी गिळली. परंतु यंत्राची चाल निराळी. तबकडी म्हणजे नुसती सनद. ती तपासून त्याने तोच खेळ, आपणांस मानवेल ऐसा बेतलेला, दूर देशीच्या दफ्तरातून वायफायमार्गे मागविला.

शेकडा चार. शेकडा अकरा. साडेपाच वाजले. शेकडा ती

(येथे लाईट गेली.)

(सहा वीस. आली.)

शेकडा तीस. खोके दारी आणून ठेवण्याचा हुकूम सुटला.

"अव्वा, धा मिंटं."

"दुकानदार काय तुजा मामा हाय?"

शेकडा नव्वद. सहा बावन्नला नव्या यंत्राने जुन्याचे हुबेहूब सोंग घेतले आणि लाल गाडी पडद्यावर उभी राहिली. मात्र तेरा वर्षांत जिंकलेले मुलूख जुन्या यंत्राबरोबरच गेले होते. पाटी कोरी. नंदीश यांची नजर दारच्या खोक्याकडे गेली.

"बरं झालं की," बाईसाहेब म्हणाल्या. "समदं जिंकून बसले हुते. करमत नव्हतं."

येणेप्रमाणे यंत्र राहिले, मोहीम फत्ते जाहली. नंदीश यांनी आपल्या नव्या खेळाचा अर्ज तत्काळ गुदरला. त्यावर शेरा: पहिल्या मैदानापासून सर्व मुलूख पुन्हा घेणे आहे, मागे यास तेरा वर्षे लागली, तोवर नव्या खेळांनी बाहेर थांबावे. विजय नंदीश यांचे नावे नोंदिला असे.