चाळीस विडे, एक फळा

“घरजावय ठेवला का तो पयला भिंतीला खिळा ठोकतो, असं माझी आई म्हनायची,” हौसाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. ऐकायला चुलीपाशी त्यांची लेक मैना तेवढी होती. “पन खिळ्याला तो काय टांगतो, ते तिनं नाय सांगितलं. तुझ्या नवऱ्यानं माझी अब्रू टांगलीय ओट्यावर!”

कमळाकररावांनी टांगला होता फळा. मुंबईची नोकरी सुटल्यापासून ते पनवेलला सासुरवाडीतच होते. सासूबाई महिना पंचवीस रुपये देऊन त्यांच्याकडून मजुरांची हजेरी लिहून घेत. हौसाबाई होत्या मुकादमीण. खाडीपलीकडच्या मिठागरवाल्यांना आणि रस्त्याच्या ठेकेदारांना माणसं पुरवायची, हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. शाळा त्यांनी दुसरीतच सोडली होती. त्या म्हणत, मी नाय सोडली, शाळेलाच मी झेपले नाय.

नवे पैसे यायच्या आधीची गोष्ट, त्यामुळे फळ्यावर आणे होते. माणशी रोजाचा दर: मजुरी वीस आणे, मुकादमी तीन आणे, कर एक आणा, एकूण दीड रुपया. खाली ठळक अक्षरांत, ‘सर्व व्यवहार उघड.’

“मामी, मुंबईत मोठमोठ्या पेढ्या असंच करतात,” कमळाकरराव समजावत होते. “आपला पैसा कुठे जातो, ते गिऱ्हाइकाला कळायला नको?”

“कळून आजवर कुनाचं भलं झालंय?”

पण जावयाचा फळा उतरवायचा म्हणजे जावयाचा पाणउतारा. मागे भाजीत मीठ जास्त झालं म्हणाल्या तर हा माणूस दोन दिवस रुसून बसला होता. शिवाय आज भांडायला सवड नव्हती. बळीरामशेटच्या मिठागराच्या बांधाला भगदाड पडलं होतं आणि चार दिवसांवर अवसेचं उधाण होतं. उद्या पहाटेच्या मचव्यानं खाडी ओलांडून चाळीस बाया तिथे पोचल्या नाहीत, तर समुद्र मिठागरात शिरणार होता आणि हौसाबाईंच्या जागी काळूराम मुकादम. तो दोन वर्षं टपलेलाच होता.

दुपारी बाया विडा घ्यायला जमल्या. हीच त्यांची लिखापढी. हौसाबाईंच्या हातचा विडा तोंडात गेला की माणूस कामाला बांधला. मग घरी पाहुणे येवोत की ताप, मचव्यात बसायचंच. तबकात चाळीस विडे मांडले होते. तेवढ्यात कमळाकररावांनी, बायांना वाचता येत नाही म्हणून, फळा मोठ्यानं वाचून दाखवला.

मग गोदू, जिच्या डोक्यावर मातीची पाटी कधी अर्धी नसायची, ती म्हणाली, “वीस आने? सगल्यांना?”

“सगळ्यांना! इथे लपवाछपवी नाही.”

“हिलापन?” तिनं कृष्णाबाईकडे बोट केलं. “ही तीन पाट्या टाकते नि चौथीला बसून तंबाखू मलते!”

“आनि हिलापन?” कृष्णाबाई उसळली. “हिची पाटी भरलेली दिसते, अर्धा तर वारा असतो तिच्यात!”

मजुरी एक छदाम कमी झाली नव्हती. वीस वर्षं सगळ्यांना सारखीच मिळत होती. पण वीस वर्षं हौसाबाईंनी प्रत्येकीला मोरीशी नेऊन कानात सांगितलं होतं, ‘तुला दोन आने वर देते हो. तुझा हातच तसा हाय. पन कुठं बोलू नको.’ कुणी बोलली नव्हती. चाळीस बाया चाळीस प्रकारच्या ताठ्यात बांधावर राबत होत्या. आज चाळीसही ताठे एकदम मोडले.

तबकाला कुणी हात लावला नाही. अंगणात उतरून सगळ्या पाठ फिरवून बसल्या.

त्यातच बळीरामशेट छत्री आपटत आले. बातमी बाजारात पोचली होती. “हौसाबाय, सालोसाल मला सांगता, शेट, दुसऱ्याला पावनेदोन, तुमाला म्हनून दीड. आनि इथं तर गावाला दीड! मग मी काय, गाव? सव्वा लावा, नायतर काळूरामकडं चाललो.”

“चा तरी घ्या, शेट.”

“चा घेतो,” शेट म्हणाले, “पन सव्वाचा घेतो.”

ते टेकतात न टेकतात तोच कचेरीतला कारकून फळ्यासमोर उभा. चष्मा पुसून त्यानं हिशोब मांडला. “बाई, माणशी एक आणा कर. चाळीस माणसं, हंगामाचे चार महिने. तीनशे रुपये झाले. धंद्याच्या कराचे तुम्ही वर्षाला दहा भरता. बाकीचा कर कुठल्या सरकारला जातो?”

हौसाबाईंनी जावयाकडे पाहिलं.

“तुम्हीच म्हणालात,” कमळाकरराव कुजबुजले. “मी विचारलं, हा आणा कसला? तर तुम्ही ओरडलात, कर!”

“तुमी दिसाला धा वेला इचारता. धाव्यांदा मी तुमाला काशी म्हनून सांगितलं असतं, तर तुमी काशी लिवली असती?” मग कारकुनाकडे वळून त्या गोड झाल्या. “भाऊसाहेब, तो आना मचव्याचा. जाऊन येऊन भाडं. तुमचे धा रुपये त्यातूनच जातात. हे बगा, कासमभाय मचवेवाल्याच्या पावत्या.” पावत्या खरंच होत्या. त्या पाहून कारकून चहाला बसला.

आता हौसाबाईंनी पदर खोचला. “जावयबापू, खडू घ्या. मजुरी अठरा आने लिवा.”

“पण आपण वीस देतो!”

“लिवा. मचवा आनि कर मिलून एक आना. एकून पावनेदोन रुपये.”

“बेरीज जमत नाही, मामी. मुकादमीचे नऊ आणे होतात.”

“मग नऊ लिवा!”

“लोक म्हणतील, बाई खाते.”

“खाते म्हनून तर भितात. तीन आन्याच्या बाईला कोन घाबरतो?”

नवा फळा वाचून झाला तेव्हा अंगणात जाम ओरड उठली. नऊ आणे! अरारा! मग हौसाबाईंनी एकेकीला मोरीशी बोलावलं. ‘फल्यावर अठरा हायत ते बाकीच्यांना. माझ्या नवातले दोन तुला.’ एकेक बाई गंभीर चेहऱ्यानं बाहेर आली, दुसरीकडे दयेनं पाहिलं आणि विडा उचलून तोंडात टाकला. शेवटी शेट आत गेले. ‘गावाला पावनेदोन. तुमचे चार आने माझ्या नवातून सोडते, पन काळूरामला कलू देऊ नका.’ शेट मिशीवर हात फिरवत बाहेर आले आणि दीड रुपयाच्या दरानं इसार मोजून गेले.

कमळाकरराव पायरीवर बसून बोटांवर हिशोब करत होते. नवातून दोन गेले, चार गेले. पुन्हा तीनच! बाया पांगायला लागल्या तेव्हा ते हळूच सासूबाईंजवळ सरकले.

“मामी, एक विचारू? मला तुम्ही पंचवीस देता. तुम्हीच म्हणाला होतात, धाकट्या जावयाला वीसच पाठवते, हे कुणाला सांगू नका. ते... खरंच ना?”

मैना दारात थबकली. विडा चघळत निघालेली गोदूही वळली. हौसाबाईंनी रिकामं तबक उचललं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“चालीस बाया आत येऊन गेल्या, जावयबापू, आनि एक शेट. एकानंपन मला इचारलं नाय, बाकीच्यांना काय सांगितलंस म्हनून. एवढ्या लोकांत शिकलेले तुमी एकटे, आनि अडानीपन तुमीच!”