सबमर्सिबल इंजिन

धनेशराव चिंदरकरांनी बायकोला बजावून ठेवलं होतं, की कुरियरवाला जे खोकं आणून देईल ते बागेच्या पंपाचं सामान आहे. ते उघडायचं नाही, आपटायचं नाही, आणि त्याच्यावर सुकट तर मुळीच वाळत घालायची नाही. एवढं सांगून ते सकाळच्या एसटीने कुडाळला दाढ काढायला गेले, आणि नेमका त्याच दिवशी बागेचा पंप बंद पडला.

खोक्यात पंपाचं सामान नव्हतं. खोक्यात आगगाडीचं इंजिन होतं. वीतभर लांब, हिरवंगार, जर्मनीतल्या ओबरमान नावाच्या जुन्या खेळण्यांच्या कंपनीने बनवलेलं. ओरसच्या सरकारी कचेरीत उभं आयुष्य फायली पुढे ढकलून धनेशराव निवृत्त झाले आणि त्यांना या कंपनीच्या गाड्यांचं वेड लागलं. सुरुवातीची खरेदी त्यांनी उजळ माथ्याने केली. डबे आले तेव्हा दीपिकावहिनींनी विचारलं होतं, "ह्येंच्यात काय चकली भरून ठेवूची?" रूळ आले तेव्हा त्यांनी त्यावर पापड टाकून पाहिले. बोगदा आला, तेव्हा मात्र त्या नवऱ्याला थेट देवळात घेऊन गेल्या आणि देवासमोर वदवून घेतलं, की यापुढे घरात रेल्वे आणणार नाही. धनेशराव शब्दाचे पक्के. त्यांनी रेल्वे आणली नाही. पंपाचं सामान मागवलं.

दुपारी ते परतले तेव्हा अर्धा जबडा बधिर होता आणि तोंडात कापूस होता. दीपिकावहिनी ओटीवर कैऱ्या चिरत बसल्या होत्या आणि फार दिवसांनी नवऱ्याकडे पाहून हसल्या.

"तुमचां सामान अगदी येळार इलां," त्या म्हणाल्या. "सकाळी पंप गेलो. बाबलीक बोलवलंय. त्येना तुमचो नवो पंप लगेच बसवल्यान."

"कसलो नवो पंप?"

"तुमी मागवल्लो तो. हिरवो. बाबली म्हणता, जर्मन आसा. असो पंप त्येना जन्मात बघूक नाय."

बाबली हा गावचा पंपवाला. पंप, मिक्सर, टीव्ही, देवळातला भोंगा, सगळं त्याच्याकडे जाई. 'माका ह्यां येणा नाय' हे वाक्य मात्र त्याच्या तोंडून अजून कुणी ऐकलेलं नव्हतं.

"त्येका चाकां होती," धनेशराव कापसातून कसेबसे बोलले.

"होती तर! मी इचारलंय, पंपाक चाकां कित्याक रे? तर म्हणता, वैनी, जर्मनीत बागो मोठे. पंप ओढीत व्हरूचो लागता."

"मगे?"

"मगे बावीच्या कठड्यार बसान त्येना दोन वायरी लावल्यान. चाकां अशी गरगरली म्हणतास! बाबलीचो हात उडालो, नि पंप गेलो बावीत."

"बावीत!" कापूस बाहेर पडला.

"मी पण अशीच आराडलंय. तर बाबली म्हणता, भियां नको वैनी, ह्यो सबमर्सिबल आसा. पाण्यातच रवता. आपली जागा वळाखल्यान नि गेलो." दीपिकावहिनींनी पुढची कैरी घेतली. "चाय पिऊन गेलो बाबली. पाणी तेवडां अजून येवक नाय."

धनेशराव खांबाला टेकले. हे इंजिन शोधण्यात त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. परदेशातल्या लिलावांत ते दोनदा हातचं निसटलं होतं. फोटो सोडला तर त्यांनी ते अजून डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, आणि ते आता त्यांच्याच विहिरीत, त्यांच्याच बायकोच्या देखरेखीखाली, पाणी चढवायला म्हणून तळाशी जाऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाबलीला गाठलं आणि हळू आवाजात खरं काय ते सांगितलं. बाबलीने मान डोलावली.

"तरीच," तो म्हणाला. "पाणी चडाक नाय तेवाच माका संशय इल्लो."

"तुका संशय इलो तर सांगूक काय झाल्लां?"

"वैनी खूश होत्यो, भाऊ. संसारात मी कित्याक इस्तू घालू?"

शेवटी ठरलं असं, की बाबलीने डिझेलचा पंप आणायचा, विहीर उपसायची आणि गुपचूप इंजिन वर काढायचं. बायकोला सांगायचं की गाळ काढतोय. बेत चांगला होता. त्यात उणीव एकच होती. विहीर धनेशरावांची एकट्याची नव्हती.

विहिरीत निम्मा वाटा होता चुलतभाऊ जितेंद्रचा. त्याचं घर मधल्या चिऱ्यांच्या गडग्यापलीकडे. पूर्वी कधीतरी जितेंद्रच्या आईची तांब्याची कळशी विहिरीवरून नाहीशी झाली, तिने धनेशरावांच्या आईचं नाव घेतलं, आणि तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती. दोन घरांचे दोन पंप होते आणि एकाचा सुरू झाला की दुसऱ्याला आपलं पाणी चोरीला जातंय असं वाटे. काही सांगायचंच झालं तर जितेंद्र ते आपल्या कुत्र्याला मोठ्याने सांगे.

डिझेलचा पंप धडधडू लागला तसा जितेंद्र लुंगी वर खोचत गडग्याशी आला. "मोत्या," तो कुत्र्याला म्हणाला, "आंबे उतरूच्या दिवसांत गाळ कोण काढता रे? माणसाक बावीत कायतरी दिसलां असतलां."

धनेशरावांनी आजूबाजूला पाहिलं. कुत्रा त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी समोरच्या कोंबडीकडे तोंड केलं. "कोंबडे, सांग त्येंका, आपल्या वाट्याचो गाळ आपण काढतंय."

"मोत्या, गाळाक वाटे पडनत नाय म्हणान सांग! निम्म्या बावीचां पाणी उपसान दाखवा म्हणावां!"

कोंबडी दाणे टिपत निघून गेली. पण वाटेने जाणाऱ्या दोघातिघांनी हा संवाद ऐकला, आणि जेवणवेळेपर्यंत गावभर झालं, की चिंदरकरांच्या विहिरीत मोहरांचा हंडा सापडलाय. तीन वाजता विहिरीभोवती उभं राहायला जागा नव्हती. एकाने भेळेची गाडी आणून लावली. सरपंच प्राजक्ताबाई स्कूटरवरून उतरल्या आणि त्यांनी कचेरीतली मराठी बाहेर काढली.

"काहीही सापडलं तरी पंचायतीला कळवल्याशिवाय हलवायचं नाही. पंचनामा होईल."

"गाळ आसा हो," धनेशराव काकुळतीने म्हणाले.

"मग गाळाचा पंचनामा होईल."

एवढा जनसमुदाय जमल्यावर देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय उतरणं बाबलीला बरं वाटेना. त्याने कठड्यावर नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या बावीच्या पोटात जां काय आसात..."

"व्हय म्हाराजा!" लोक ओरडले.

"तां ज्येचां त्येका गावांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"नि उतारणाऱ्याचे हातपाय धड ऱ्हवांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"नि त्येतलां अर्धां माझां!" जितेंद्र मध्येच म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे ओरडले. धनेशरावही ओरडले. ओरडल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

बाबली दोराने खाली उतरला. थोड्या वेळाने बादली वर आली. तिच्यात एक चप्पल, दोन चेंडू आणि बाबलीचा स्वतःचा हरवलेला पाना होता. दुसऱ्या बादलीतून चिखलाने भरलेलं काहीतरी जड, गोल वर आलं. "हंडो!" लोक पुढे सरकले. भेळवाला गाडी सोडून धावला.

ती तांब्याची कळशी होती. जितेंद्रची बायको किशोरी हिने पदराने काठ पुसला. काठावर सासूचं नाव कोरलेलं होतं.

जितेंद्रने आधी कळशीकडे पाहिलं, मग माडाच्या शेंड्याकडे. "मोत्या..." त्याने सुरुवात केली, पण मोत्याला सांगण्यासारखं त्याला काही सुचलं नाही. धनेशरावांना आईची आठवण आली. शेवटपर्यंत ती या विहिरीवर पाणी भरायला पहाटे, कुणी नसताना यायची.

तेवढ्यात तिसरी बादली वर आली. गाळात बरबटलेलं, हिरवं, वीतभर. सगळ्यांचा विरस झाला.

"ह्यां काय?" कुणीतरी विचारलं.

"आमचो पंप," दीपिकावहिनी अभिमानाने म्हणाल्या.

प्राजक्ताबाईंनी वाकून पाहिलं. "वहिनी, याच्यावर धुराडं आहे."

आता गप्प राहिले असते तर धनेशराव अजूनही वाचले असते. पण त्यांनी सदऱ्याने गाळ पुसला आणि त्यांना इंजिनाचे डबे अडकवायचे दोन्ही आकडे दिसले. पुढचा चपटा. मागचा गोल. फोटोत होते तसेच. त्यांना बायकोचा विसर पडला, देवाचा विसर पडला.

"ह्यां ओबरमानचां दोन आकड्यांचां इंजिन!" ते गहिवरून म्हणाले. "म्हातारो ओबरमान काफी दळूच्यो चक्क्यो बनवी. त्येची लेक आजारी पडली, म्हणान चक्कीच्या उरलेल्या चाकांची त्येना आगगाडी केल्यान. लोकांका आवाडली, कारखानो काढल्यान. म्हातारो मेलो नि त्येचे दोन झील, सख्खे भाव, भांडले."

गर्दी निघायच्या बेतात होती, ती थांबली. "कित्यावरसून?"

"वाटपावरसून. थोरल्या हान्साक इंजिनां गावली, धाकट्या एमिलाक डबे. हान्सान इंजिनाक चपटो आकडो लावल्यान, एमिलान डब्यांका गोल. एकाचे डबे दुसऱ्याच्या इंजिनाक लागाचेच नाय! लोकांनी घेवचां काय?"

"भावबंदकी!" लोक आनंदाने म्हणाले. जर्मनीबद्दल त्यांना प्रथमच आपुलकी वाटली. "कोर्टात गेले?"

"गेले. दोघंय बुडाले. पण कारखान्यातल्या जुन्या फोरमनाक ह्यां बघवना नाय. त्येना चोरून थोडी इंजिनां बनवल्यान, पुढे हान्साचो आकडो, मागे एमिलाचो. त्येतलां ह्यां."

"चूक थोरल्याची," जितेंद्र म्हणाला. तो घराण्याच्या धाकट्या पातीचा होता. "इंजिन हाताक लागलां म्हणान माजलो."

"थोरल्याची कशी?" धनेशराव उसळले. "एमिलान आकडो बदलूचो होतो!"

"त्येना कित्याक बदलूचो? डब्यांशिवाय इंजिन काय चाटूचां?"

"नि इंजिनाशिवाय डबे काय, कोंबड्यो ठेवूक?"

अर्धा तास दोघे ओबरमान बंधूंवरून कडाकडा भांडले. ते कुत्र्याशी बोलत नाहीयेत, एकमेकांशी बोलतायत, हे सगळ्यात आधी किशोरीच्या लक्षात आलं. तिने दीपिकावहिनींना कोपराने ढोसलं.

दीपिकावहिनी मात्र नवऱ्याकडे बघत होत्या. "म्हणजे ह्यो पंप न्हय," त्या शांतपणे म्हणाल्या. धनेशरावांनी इंजिन सदऱ्याआड घेतलं.

"अर्धां माझां!" जितेंद्रने तेवढ्यात हक्क सांगितला. "देवासमोर सगळ्यांनी व्हय म्हटलेलां आसा!"

प्राजक्ताबाईंनी डोकं धरलं. इंजिन कापता येत नव्हतं आणि गाऱ्हाणं मोडता येत नव्हतं. शेवटी त्यांनी कचेरीची मराठी परत खिशात घातली. "गणपतीची पाळी लावतत तशी ह्येची लावा. एक वरीस एका घराक, एक वरीस दुसऱ्याक. पयली पाळी कोणाची?"

"जितूभावजींची," दीपिकावहिनी म्हणाल्या. "ह्येंका देवाक फसवल्याची शिक्षा. माझ्या घरात रेल्वे नको."

इंजिन गडग्यापलीकडे गेलं. आठवडाभर धनेशराव ओटीवर येरझारा घालत राहिले. पलीकडून अधूनमधून गुरगुर ऐकू येई. बाबलीने इंजिन उन्हात वाळवून, उघडून पुन्हा जोडलं होतं. ते आता चालत होतं, पण फक्त मागे. "जर्मनीत तशीच चलतत," असं त्याने जितेंद्रला सांगितलं होतं.

शेवटी एका संध्याकाळी धनेशरावांनी डबे, रूळ आणि बोगदा पिशवीत भरले आणि रस्त्याने वळसा घालून ते जितेंद्रच्या दारात उभे राहिले.

जितेंद्र पडवीत जमिनीवर पालथा पडून इंजिन हाताने ढकलत होता. त्याने वर पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

"डबे हाडलंस?" त्याने विचारलं.

"हाडलंय."

"मगे दारात कित्याक उभो? वायच बोगदो खंय लावूचो तां बघ."

त्यानंतर साठी ओलांडलेले ते दोन गृहस्थ रोज पडवीत पोटावर झोपलेले दिसू लागले. गाडी मागे मागे धावे, डबे घेऊन बोगद्यात शिरे आणि दोघे श्वास रोखून बाहेर पडण्याची वाट बघत. अशाच एका संध्याकाळी दीपिकावहिनी आणि किशोरी दाराशी आल्या.

"आमी म्हणतंव, बावीर दोघांत एकच पंप घालूया," किशोरी म्हणाली.

"हूं," जितेंद्र म्हणाला.

"नि खर्च अर्धो अर्धो," दीपिकावहिनी म्हणाल्या.

"हूं," धनेशराव म्हणाले.

"नि मधलो गडगो पाडूया. येवक-जावक बरां."

"पाडा, पाडा. वायच सरका गो, गाडी येता!"

दोन दिवसांनी धनेशराव पिशवी घेऊन अंगणात उतरले आणि जागच्या जागी थबकले. समोर थेट जितेंद्रची पडवी दिसत होती. मध्ये चिऱ्यांचा ढीग पडला होता आणि त्यावरून मोत्या आरामात त्यांच्या अंगणात येत होता.

"अगो!" ते ओरडले. "आजोबाच्या येळचो गडगो कोणी पाडलो?"

दीपिकावहिनींनी नव्या पंपाचं बटण दाबलं. पाणी भसाभसा बागेत पडू लागलं.

"तुमी दोघांनी," त्या म्हणाल्या.