नवरीपासून अडीच मीटर

वहिनीने अठरा वर्षांत जेवढ्या माणसांचे फोटो काढले, ती सगळी स्टुलावर बसलेली होती. मागे पांढरा पडदा, हनुवटी वर, हसायचं नाही, झालं काम. तिच्या दुकानात पासपोर्टचे फोटो काढून गेलेली माणसं परदेशी पोचली, नोकरीला लागली, काही तर निवृत्तही झाली. त्यामुळे त्रेचाळिसाव्या वर्षी नणंदेचं लग्न ठरलं आणि फोटो तूच काढ म्हणून ती मागे लागली, तेव्हा वहिनी ऐटीत म्हणाली, त्यात काय एवढं, लग्न म्हणजे दोन पासपोर्ट फोटो एकदम.

नणंदेला परक्या फोटोग्राफरसमोर उभंच राहायचं नव्हतं. तिचे दात जरा पुढे होते, म्हणून शाळेपासूनची सवय अशी की कॅमेरा दिसला की हात तोंडावर. घरातल्या प्रत्येक जुन्या फोटोत ती जांभई आल्यासारखी दिसायची. वाचनालयात पुस्तकांवर नंबर घालण्यात तिची वीस वर्षं मान खाली घालूनच गेली. तिथलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला एक घड्याळजी आला. घड्याळ पहिल्याच दिवशी चालू झालं, तरी तो ते तपासायला आणखी सहा वेळा आला. तोच आता नवरदेव होता.

वहिनी बोलून तर बसली, पण दुसऱ्याच दिवशी तिला आपली अडचण कळली. स्टुलाबाहेरच्या माणसाला 'जरा इकडे बघा' असं ती जन्मात म्हणाली नव्हती. लेन्स भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने खोली केवढी, उजेड किती, असं बरंच विचारलं. वहिनीची अट एकच, आपल्याला लांब उभं राहता आलं पाहिजे. त्याने दोन लेन्स पुढे ठेवल्या. एक थर्मासएवढी, लांबचं टिपणारी. दुसरी पावडरच्या डबीएवढी, कमी उजेडात उत्तम, पण तिला माणसाच्या जवळ जावं लागतं.

"किती जवळ?" वहिनीने विचारलं.

"हात लांब केला तर खांद्याला लागेल, इतकं."

वहिनीने थर्मास उचलला. दुकानदाराने डबी तिच्या नको-नको म्हणण्याकडे लक्ष न देता पिशवीत सरकवली. मग दोन दिवस वहिनी दुकानाच्या पायरीवरून समोरच्या औषधवाल्याच्या मांजराचे फोटो काढत बसली. मिशीचा केस न केस आला. तिचा जीव भांड्यात पडला.

लग्नाच्या दिवशी नोंदणी कार्यालयाची खोली बघून तो जीव पुन्हा भांड्याबाहेर आला. एक टेबल, एक कपाट, सात माणसं, की लगेच भिंत. वहिनीने कॅमेरा डोळ्याला लावला तर आत फक्त नवरदेवाच्या शर्टाचं बटण, तेही धूसर. या लेन्सला अडीच मीटरच्या आतलं दिसतच नव्हतं. वहिनी एक पाऊल मागे सरकली. मग आणखी एक. उंबरा आला, बोळ आला, बटणाचा शर्ट झाला. ती तशीच उलटी चालत समोरच्या खोलीत शिरली, तेव्हा कुठे दोन दारांमधून अख्खी नणंद दिसली, तोंडावर हात ठेवलेली. वहिनी बटण दाबणार, एवढ्यात शिपायाने तिकडचं दार लावून घेतलं.

या खोलीत दुसरंच एक जोडपं होतं, अगदी कोवळं. त्यांच्या तिसऱ्या साक्षीदाराची बस चुकली होती. ठेवणीतल्या कपड्यांतली बाई कॅमेरा घेऊन उभी बघून कारकुनाने विचारलं, "तुम्ही लग्नाच्याच ना?" वहिनी हो म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. त्याने तिच्या हाती पेन दिलं. नवरीला किती वर्षांपासून ओळखता, या रकान्यात घाबरलेल्या वहिनीने अठरा लिहिलं. नवरी विशीची होती. कारकून म्हणाला, म्हणजे लहानपणापासूनच. सही झाली आणि ती मुलगी, जिच्या घरचं कुणीच आलं नव्हतं, वहिनीच्या गळ्यात पडून रडायला लागली. आता रडतं माणूस खांद्यावरून उतरवायचं कसं? वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, मुलगा चांगला आहे म्हणाली. ती त्याला चार मिनिटं ओळखत होती.

तिकडे नणंद हातात पेन धरून बसली होती. तिचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, फाटकापर्यंत शोधून आला. विवाह अधिकाऱ्याने दोनदा घड्याळ दाखवलं. म्हणाला, लग्न सहीने होतं, फोटोने नाही. आयुष्यात कुणाला उलट न बोललेली नणंद हळूच म्हणाली, "साहेब, त्रेचाळीस वर्षं थांबले. अजून पाच मिनिटं थांबते."

तेवढ्यात दार उघडून वहिनी आत आली. एक खांदा ओला.

"कुठे होतीस?" नवऱ्याने विचारलं.

"लग्नात."

यापुढे खुलासा करायला वेळच नव्हता. तिने थर्मास काढून डबी बसवली आणि टेबल आणि कपाट यांच्यामधल्या फटीत घुसली. नणंद आता हाताच्या अंतरावर होती, कॅमेराभर नुसता तिचा चेहरा. नणंदेचा हात वर गेला. कॅमेऱ्यापुढच्या माणसाला म्हणायचं एकच वाक्य वहिनीला येत होतं, ते आपोआप दुकानातल्या आवाजात बाहेर पडलं.

"हात खाली, हनुवटी वर, हसायचं नाही."

नणंदेने हात खाली घेतला. ओठ घट्ट मिटले. मग तिला जे हसू फुटलं ते आवरेचना. सगळे दात दिसले, डोळ्यांतून पाणी आलं, सही वाकडी झाली. वहिनी बटण दाबत सुटली. तिने साहेबांना फाईल बाजूला घ्यायला सांगितली, नवऱ्याला उजेडातून हटवलं, आणि नवल म्हणजे सगळे मुकाट्याने हटले.

तिसऱ्या दिवशी नवरा-नवरी फोटो बघायला दुकानात आली. एका फोटोवर नणंद थांबली.

"मी हसताना अशी दिसते? मग इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही?"

"आम्हाला तरी कुठे माहीत होतं?" वहिनी म्हणाली. "मध्ये हात होता."

घड्याळजीने चौसष्टही फोटो शांतपणे पाहिले आणि आणखी आहेत का, असं नम्रपणे विचारलं. वहिनीच्या पायाखालची जमीन सरकली. चौसष्टच्या चौसष्ट फोटोंत नणंद होती. नवरदेव काढायचा राहूनच गेला होता. एका फोटोच्या कडेला तेवढा एक धूसर कान दिसत होता. ती माफी मागायला लागली, पण घड्याळजीने खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं होतं.

"हा काय मी," तो खुशीत म्हणाला. "हिच्याकडे वळून बघत होतो ना, म्हणून कानच आलाय. वहिनी, याची एक मोठी प्रत द्या, माझ्या दुकानात लावतो."

वहिनीने काचेच्या चौकटीत बसवून दिली. कान विवाह अधिकाऱ्याचा होता, ते मात्र तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही.